नावेतील उशी

वैशाख सरत आला होता. कडोलीस एका स्नेह्यांच्या घरी आम्ही दोन दिवसांकरिता उतरलो होतो. दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरविणारे गाव म्हणून कडोलीचे नाव साऱ्या सीमाभागास ठाऊक आहे. परंतु त्या दिवशी गावात चर्चा होती ती केवळ उकाड्याची. दुपारभर झाडाचे पान हलले नव्हते. चारच्या सुमारास क्षितिजावर काळ्या ढगांची भिंत उभी राहिली, वाऱ्याची एक थंडगार झुळूक अंगणातून गेली, आणि पाहता पाहता धुळीचा लोट उठला. वळीव आला होता.

ज्यांनी बेळगाव भागातील वळीव पाहिला आहे त्यांना त्याचे वर्णन सांगावयास नको. आषाढातील पाऊस दिवसेंदिवस मुकाट्याने कोसळतो. वळीव मात्र गर्जत, कडाडत, पत्रे उडवीत येतो. पहिल्याच कडकडाटासरशी घरातील दिवे गेले. घरातील सात वर्षांचा मुलगा धावत आला आणि आजीच्या लुगड्यात तोंड लपवून म्हणाला, “आज्जी, देव आमच्यावर रागावलाय काय गं?”

आजीने त्याला जवळ घेतले. पण तिने लगेच उत्तर दिले नाही. तिने आधी खिडकी लावून घेतली, दूरदर्शन संचाची वायर भिंतीतून काढावयास लावली, दोन फेब्रुवारीच्या सणास आशीर्वादित करून आणलेली मेणबत्ती देव्हाऱ्यापुढे लावली, आणि मग जपमाळ हाती घेऊन ती भिंतीपासून थोडी दूर, घराच्या मध्यभागी बसली. त्या घरात खरी काळजी निराळीच होती. मुलाचा बाप बैलजोडी घेऊन सकाळीच शिवारात गेला होता आणि अद्याप परतला नव्हता. त्याचा भ्रमणध्वनी लागत नव्हता. सून दाराशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “आत्ती, मी बगून येतो.” सासूने तिचा हात धरला. “आता नको पोरी. तू गेलीस म्हणून वीज थांबणार न्हाई. गडगडाट जरा लांब जाऊ दे, मग आपण दोघी जाऊ.”

प्रिय वाचकहो, त्या तासाभरात आम्ही जे पाहिले व ऐकले त्यावरून हे चार शब्द आम्ही लिहीत आहोत. मुलाने विचारलेला प्रश्न लहान मुलाचा असला तरी तो केवळ लहान मुलांचा नाही. वीज कडाडली की आपणां सर्वांच्याच अंतःकरणात तो कोठेतरी उमटतो. फक्त आपण मोठी माणसे तो मोठ्याने विचारीत नाही.

प्रथम हे सांगावयास हवे की, भिण्यात कोणतेही पाप नाही. आकाशातील वीज ही भिण्याजोगीच वस्तू आहे. उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीवरून उष्ण व दमट हवा वेगाने वर चढते. तिचे ढग दहा-बारा किलोमीटर उंचीपर्यंत जातात. तेथील कडाक्याच्या थंडीत बर्फाचे सूक्ष्म कण व गारांचे गोळे एकमेकांवर आदळतात, त्यातून विद्युत्‌भार निर्माण होऊन ढगाच्या वरच्या व खालच्या भागांत विभागला जातो, आणि हा भार असह्य झाला म्हणजे तो क्षणार्धात जमिनीकडे झेप घेतो. ज्या मार्गाने वीज जाते तेथील हवा सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या कित्येक पट. ती हवा एकाएकी प्रसरण पावते, आणि तोच आपल्याला ऐकू येणारा गडगडाट. आपल्या देशात विजेमुळे दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे प्राणांस मुकतात. त्यांतील पुष्कळशी शेतात राबणारी असतात. तेव्हा जो म्हणतो की मला विजेचे भय वाटत नाही, तो श्रद्धावान असेलच असे नाही. कदाचित तो केवळ बेसावध असेल.

आम्ही त्या मुलास जवळ बोलाविले आणि मोजावयास शिकविले. वीज चमकली की एक, दोन, तीन असे सेकंद मोजावयाचे, आणि गडगडाट ऐकू येताच थांबावयाचे. प्रकाश तत्क्षणी डोळ्यांपर्यंत पोहोचतो. आवाज मात्र सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. म्हणून तीन सेकंदांस साधारण एक किलोमीटर असा हिशेब धरावा. मुलगा मोजू लागला. पहिल्यांदा चार आले, मग तीन; त्याचा आवाज कापत होता. पण मोजता मोजता त्याने लुगड्यातून तोंड बाहेर काढले. अज्ञात भयास एकदा माप मिळाले की त्याचे अर्धे बळ जाते, हे आम्ही त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिले.

परंतु उरलेल्या अर्ध्या भयाचे काय? देव रागावला आहे काय, या प्रश्नाचे उत्तर सेकंद मोजून मिळत नाही.

पवित्र शास्त्रात वादळे पुष्कळ आहेत. एकोणतिसाव्या स्तोत्रात तर मेघगर्जनेलाच प्रभूची वाणी म्हटले आहे. पण त्याच शास्त्रात होरेब डोंगरावरील संदेष्टा एलियाची कथा आहे. त्याच्यासमोरून प्रचंड वारा गेला, भूकंप झाला, अग्नी भडकला. आणि या तिहींपैकी कशातही परमेश्वर नव्हता. त्यानंतर जो मंद, सौम्य स्वर आला तो ऐकताच एलियाने आपला झगा तोंडावर ओढून घेतला. ईयोबाची कथाही आपणांस ठाऊक आहे. आकाशातून पडलेल्या अग्नीने त्याची मेंढरे जळाली, वाऱ्याने घर कोसळून त्याची मुले गेली. त्याचे मित्र आले, आणि तुझेच काही पाप असले पाहिजे असे नाना प्रकारे त्यास पटवू लागले. ग्रंथाच्या शेवटी परमेश्वर रागावतो, तो ईयोबावर नव्हे, या मित्रांवर. आणि प्रभू येशूने तर हा प्रश्न कायमचाच मिटविला. शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे मेली तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती काय, असे त्याने लोकांना विचारले, आणि तसे मुळीच नाही असे स्वतःच सांगितले. त्याच उपदेशात त्याने ऐकणाऱ्यांस पश्चात्तापाची हाक दिली हे खरे. पण ती हाक जिवंत असलेल्यांना होती, मेलेल्यांवर ठेवलेला तो ठपका नव्हता.

तेव्हा शेजाऱ्याच्या घरावर वीज पडली असता जो मनातल्या मनात त्याच्या पापांचा हिशेब मांडतो, तो ईयोबाच्या मित्रांच्या पंक्तीस जाऊन बसतो. आणि स्वतःच्या घरावर संकट आले असता जो देवाने माझ्यावर सूड घेतला असे म्हणतो, तो आपल्या स्वर्गीय पित्याविषयी अन्यायाचे बोलतो.

मग वादळात परमेश्वर असतो तरी कोठे? संत मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात याचे उत्तर आहे, आणि ते एका उशीच्या उल्लेखात दडलेले आहे.

गालीलचा समुद्र म्हणतात तो वस्तुतः एक सरोवर आहे. सुमारे २१ किलोमीटर लांब व १३ किलोमीटर रुंद. समुद्रसपाटीपेक्षा ते २०० मीटरांहून अधिक खाली, डोंगरांच्या कुशीत आहे. भोवतालच्या उंचवट्यांवरून थंड वारा एकाएकी खाली उतरला की शांत पाणी पाहता पाहता खवळते. १९८६ साली अवर्षणाने पाणी ओसरले असता त्या सरोवराच्या काठच्या चिखलात दोन हजार वर्षांपूर्वीच्या काळातील एक नाव सापडली. तिची लांबी जेमतेम आठ मीटर आहे, आणि रुंदी अडीच मीटरांहूनही कमी. अशाच एखाद्या नावेतून प्रभू आणि त्याचे शिष्य त्या सायंकाळी पलीकडे निघाले असावेत. शिष्यांतील कित्येक जातिवंत कोळी होते; पाण्याला उगीच भिणारी ती माणसे नव्हती. लाटा आत येऊन नाव भरू लागली तेव्हा ते घाबरले, याचा अर्थ प्रसंग खरोखरच बाका होता. आणि प्रभू नावेच्या मागच्या बाजूस उशी घेऊन झोपला होता.

ही कथा अन्य शुभवर्तमानांतही आहे, पण उशीचा उल्लेख एकट्या संत मार्काने केला आहे. आम्हांस तो फार मोलाचा वाटतो. दिवसभर लोकसमुदायास शिकवून थकलेला एक मनुष्य उशीवर डोके टेकतो, यात त्याचे खरे मनुष्यत्व दिसते. शिष्यांनी त्यास जागे केले ते प्रार्थनेच्या गोड शब्दांनी नव्हे, तर तक्रारीच्या सुरात: आम्ही बुडत आहोत आणि तुला त्याचे काहीच नाही काय? आणि पाहा, वाऱ्याने तो जागा झाला नाही, लाटांनी झाला नाही. आपल्या माणसांच्या हाकेने मात्र जागा झाला. त्याने प्रथम वाऱ्यास दटाविले, मग शिष्यांस त्यांच्या भित्रेपणाबद्दल विचारले. तक्रार करणाऱ्यांना त्याने नावेतून उतरविले नाही.

२७ मार्च २०२० च्या संध्याकाळी, महामारीने सारे जग घरात कोंडले असता, दिवंगत पोप फ्रान्सिस रोममधील संत पेत्राच्या निर्मनुष्य चौकात भर पावसात एकटे उभे राहिले होते. त्या दिवशी त्यांनी चिंतनासाठी हीच कथा निवडली होती. आपण सारे एकाच नावेत आहोत, हे त्यांच्या बोलण्याचे सार होते. आम्ही त्यापुढे एवढेच म्हणू की, त्या नावेत प्रभूही होता. शिष्यांना त्याने तीरावरून धीर दिला नाही. त्यांच्या पायांखाली जे पाणी आले, तेच त्याच्या उशीखालीही आले.

येथे कोणी म्हणेल, मग सारे त्याच्यावर सोपवावे आणि स्वस्थ बसावे. हा विचार दिसावयास धार्मिक, पण फार घातक आहे. आणि याविषयी आपल्याच ख्रिस्तसभेच्या इतिहासात एक मोठा धडा आहे. युरोपात कित्येक शतके अशी समजूत होती की, वादळात चर्चच्या घंटा वाजविल्या असता वीज पांगते. म्हणून मेघ गर्जू लागले की घंटा वाजविणारे मनोऱ्यात जात: गावातील सर्वांत उंच जागी, ओल्या दोरास हात लावून. १७८४ साली म्युनिक येथे प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तिकेत दिलेला आकडा असा की, तेहतीस वर्षांत ३८६ मनोऱ्यांवर वीज पडली आणि घंटा वाजविणारे १०३ जण मृत्युमुखी पडले. त्यांची भक्ती खोटी होती असे कोण म्हणेल? पण त्यांचा विश्वास देवावर कमी आणि घंटेवर अधिक होता.

याच काळात मोराविया प्रांतात, आजच्या चेक प्रजासत्ताकातील झ्नोइमो गावाजवळ, प्रोकोप दिविश नावाचे एक कॅथॉलिक धर्मगुरू होते. विजेचे स्वरूप ओळखण्यासाठी ते प्रयोग करीत असत. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन यांचा पतंगाचा प्रयोग १७५२ सालचा. दिविश यांनी १७५४ साली आपल्या निवासाजवळ वीज ओढून घेणारा धातूचा उंच खांब उभारला. पुढे अवर्षण पडले तेव्हा गावकऱ्यांनी त्याचा दोष त्या खांबास दिला आणि तो पाडून टाकला! आज त्याच तत्त्वावरील विद्युत्‌वाहक आपल्या देवळांच्या व चर्चच्या शिखरांवर असतात, आणि त्यांमुळे कोणाची श्रद्धा उणी झालेली नाही. परमेश्वराने जी बुद्धी दिली तिचा उपयोग करणे हीही उपासनाच आहे.

संत पौलाचेच उदाहरण घ्या. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या सत्ताविसाव्या अध्यायात त्याच्या जलप्रवासाची हकीकत आहे. चौदा दिवस जहाज वादळात सापडले होते. २७६ माणसे त्यावर होती. कोणाच्याही जिवाची हानी होणार नाही असे देवदूताने पौलास सांगितले होते. तरी पौल स्वस्थ बसला नाही. खलाशी होडी घेऊन पळू पाहत होते, ते त्याने शताधिपतीस कळविले. उपाशी लोकांस त्याने आग्रहाने जेवावयास लावले, आणि सर्वांसमोर देवाचे आभार मानून स्वतः भाकर मोडली. शेवटी जहाज फुटलेच. ज्यांना पोहता येत होते ते पोहून गेले, बाकीचे फळ्यांवर तरंगत किनाऱ्यास लागले. देवाचे वचन पुरे झाले, पण फळ्यांच्या साहाय्याने. आमच्या मते खऱ्या भरवशाची खूण हीच. तो माणसाचे हात बांधीत नाही. भयाने बांधलेले हात तो मोकळे करतो.

इतके विचार त्या संध्याकाळी आमच्या मनात आले असे म्हणणे मात्र खोटे ठरेल. त्या वेळी आम्ही फक्त जपमाळेला उत्तर देत होतो आणि दाराकडे पाहत होतो. मुलाचे मोजणे पंधरापर्यंत गेले, मग वीसच्या पुढे. पाऊस मंदावला. अखेर अंगणात पावले वाजली आणि मुलाचा बाप चिंब भिजून दारात उभा राहिला. सून धावली. पण त्याच्या हाती एकाच बैलाची दोरी होती.

घडले ते असे. पाऊस सुरू होताच त्याने नित्याप्रमाणे बैल बांधावरील आंब्याला बांधले आणि स्वतःही बुंध्याशी टेकून बसणार, तोच रस्त्याकडेच्या एका पक्क्या घरातून हाक आली, “दादा, झाडाखाली थांबू नको! इकडं ये, आधी इकडं ये!” हाक देणारा शेजारच्या शेताचा मालक. तो धावत त्या घरात शिरला आणि बैल सोडून आणण्यास मागे वळणार, इतक्यात त्याच आंब्यावर वीज कोसळली. एक बैल जागीच गेला. दुसरा थरथरत उभा राहिला. “मीच बांधलं त्याला,” एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. “माझ्या हातानं बांधलं.”

पेरणी तोंडावर आलेली, आणि जोडीतला एक बैल गेलेला. ज्याच्या घरी शेती आहे त्यालाच या वाक्याचे वजन कळेल. घरात कोणी बोलेना. मग त्या मुलाने पुन्हा विचारले, “आज्जी, आपण माळ म्हणत होतो की. मग देवानं बैलाला का न्हाई वाचवलं?”

आम्ही लेखणीवर जगणारे लोक; एखादे साजरे उत्तर देण्याचा मोह आम्हांस झाला नाही असे नाही. पण आजीच आधी बोलली. ती म्हणाली, “मला ठाऊक न्हाई, बाळा.” थोडे थांबून तिने पुढे म्हटले, “तुझ्या बाबाला हाक मारायला देवानं एक माणूस उभा केला, एवढं मला दिसलं. बैलाचं मला कळत न्हाई. चल, आपण त्याच्यासाठी रडू या. देवाला ते चालतं.” आणि ती म्हातारी खरोखरच रडली. मग डोळे पुसून उठली व मुलासाठी चहाचे आधण ठेवले.

वाचकहो, ‘मला ठाऊक नाही’ हे उत्तर श्रद्धेच्या विरुद्ध आहे असे आम्हांस वाटत नाही. प्रार्थना ही काही विम्याची पावती नव्हे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यावर जे ओढवले ते आपण विसरलेलो नाही. मार्कंडेय नदीने पात्र सोडले, काठची शिवारे दिवसेंदिवस पाण्याखाली राहिली, गावोगावी मातीच्या भिंती भिजून खचल्या. निपाणीजवळ यमगर्णीस वेदगंगेचे पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर आले आणि वाहतूक थांबली. २०२१ च्या जुलैमध्ये तेथेच पुन्हा तसे घडले. ज्यांच्या भिंती पडल्या त्यांनी प्रार्थना केली नव्हती काय? ज्यांच्या राहिल्या ते अधिक पुण्यवान होते काय? असे म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही. पण त्याच दिवसांत शाळांच्या खोल्या उघडल्या गेल्या, आणि ज्यांची नावेही ठाऊक नव्हती अशांसाठी भाकऱ्यांच्या चळती रचल्या गेल्या, हेही आपण पाहिले. वादळ का आले याचे उत्तर आपल्यापाशी नसते. वादळात हाक देणारा कोणी असावा, यासाठी मात्र आपण पुष्कळ काही करू शकतो.

म्हणून, ज्यांना उद्या शिवारात जावयाचे आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे लिहितो. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर काम तेथेच टाकून पक्क्या घरात किंवा बंद वाहनात जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथेच राहावे. झाडाखाली, विजेच्या खांबाजवळ किंवा पाण्यात थांबू नये. गुरेही झाडास बांधू नयेत. आसरा नसेल तर झाडांपासून दूर, सखल जागी, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे. जमिनीवर आडवे होऊ नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने ‘दामिनी’ नावाचे अ‍ॅप तयार केले आहे. आसपासच्या विजेची आगाऊ सूचना त्यावर मिळते. घरातील तरुणांनी ते आपल्या भ्रमणध्वनीत घ्यावे आणि ज्यांच्यापाशी तशी सोय नाही त्यांना हाक द्यावी.

आणि एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्याला हात लावण्याने काहीही अपाय होत नाही. तरी कित्येक ठिकाणी लोक भिऊन दूर उभे राहतात, कोठे कोठे तर त्या दुर्दैवी माणसास शेणात पुरून ठेवतात, आणि त्या मोलाच्या मिनिटांत वाचू शकणारा जीव जातो. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोराने व जलद दाब देत राहावे, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. भय सांगते, शिवू नकोस. भरवसा सांगतो, हात पुढे कर.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघण्याच्या तयारीत होतो. ज्याने हाक दिली होती तो शेजारी अंगणात आला. तो आपल्या धर्माचा नव्हता. गळ्यात माळ होती, कपाळी बुक्का होता. त्याने बसावयास दिलेले पाणी घेतले आणि सरळ मुद्द्याचे बोलला, “दादा, औंदा पेरणी पैऱ्यानं करू. माझा एक बैल तुझ्या बैलाजोडी जुंपू. पुढचं पुढं बघू.” घरधन्यास काही बोलता येईना. त्याने केवळ मान हलविली. रात्रभर अंथरुणात उठून बसलेला तो मनुष्य त्यानंतर प्रथमच खाली टेकून बसला, आणि त्याने भाकरीचा तुकडा मोडला.

मुलगा आम्हांस गाडीपर्यंत पोहोचवावयास आला. “काका, रात्री परत गडगडलं,” तो म्हणाला. “मी मोजलं. सत्तावीस.” भय वाटले काय, असे आम्ही विचारले. “थोडं,” तो म्हणाला, “पण आज्जी झोपली होती. तिला झोपलेली बघून मीबी झोपलो.”

नावेतील त्या उशीचा अर्थ आम्हांस तेथे कळला. आपल्या जवळचा कोणी शांतपणे निजला आहे हे पाहून दुसऱ्यास झोप यावी, यासाठी कोणाला तरी आधी विश्वासाने डोके टेकावे लागते. प्रत्येक घरात वादळाच्या रात्री असे एक तरी माणूस असो. हे प्रभू, आमच्या शिवारात राबणाऱ्यांना वेळेवर हाक ऐकू येवो, आणि जेथे हाक देण्याची गरज आहे तेथे आमचे तोंड बंद नसो. तुझ्या कृपेने आमची मुले निर्धास्त झोपोत. आमेन.